आधी गाणं, मग तोंड

(शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरचं जॅझ रेडिओ स्टेशन. एप्रिलातला गुरुवार, दुपारचे तीन वाजून गेलेले. व्हर्डेल पेटिस, वय अडुसष्ट, एकतीस वर्षं सकाळचा कार्यक्रम करणारे आणि शाळेत रेडिओचा तास घेणारे. सिग्ने, एकेकाळची त्यांची विद्यार्थिनी, आता स्टेशनची मॅनेजर.)

सिग्ने : सर, तिसऱ्यांदा वाचताय तुम्ही. एकच पान आहे ते.

व्हर्डेल : रेडिओवाला माणूस मी. मोठ्यानं वाचल्याशिवाय मला कळत नाही. ऐक. 'मंगळवारी सकाळी सहा वाजून सात मिनिटांनी, सर्व शाळा नेहमीप्रमाणे सुरू असताना, बर्फामुळे शाळा बंद असल्याची धून मी रेडिओवरून वाजवली.' बरोबर आहे. 'परिणामी अकराशे त्रेचाळीस विद्यार्थी परीक्षेस गैरहजर राहिले.' असतील. मी काही दारोदार फिरलो नाही.

सिग्ने : चौदा शाळा मिळून. आणि साधी चाचणी नव्हती, राज्याची परीक्षा होती. शंभरात पंच्याण्णव पोरं बसली नाहीत तर नापासाचा शिक्का बसतो. पोरांवर नाही, शाळेवर.

व्हर्डेल : ते मला माहीत आहे गं. इथेच केस पिकलेत माझे.

सिग्ने : मग सही करा. चार वाजता शिक्षणाधिकारी ऑस्बीबाईंचा माणूस येतोय न्यायला.

व्हर्डेल : आणि तो मुख्याध्यापक? त्याचं नाव नाही कुठं यात?

सिग्ने : कोणता मुख्याध्यापक?

व्हर्डेल : जणू तुला ठाऊकच नाही. तोही धून ऐकून घरी राहिला होता ना! पावणेनऊला मला फोन. म्हणतो, 'व्हर्डेल, मी इथं पायजम्यात पॅनकेक करतोय आणि खिडकीतून माझ्याच शाळेची बस रिकामी गेली. काय प्रकार आहे?'

सिग्ने : त्यांना ऑस्बीबाईंनी वेगळं बोलावलंय. हसू नका सर. मला हसायला त्राण नाही.

व्हर्डेल : मी कुठं हसतोय? मला एवढंच कळत नाही, गेल्या महिन्यात याच ऑस्बीबाई शिक्षण मंडळापुढे उभ्या राहून काय म्हणाल्या? 'हे स्टेशन आता कुणी ऐकत नाही.' तक्ता घेऊन आल्या होत्या, रंगीत. आणि आज तक्रार काय? तर सगळेच ऐकतात.

सिग्ने : हा मुद्दा मी मांडला त्यांच्याकडे.

व्हर्डेल : मग?

सिग्ने : म्हणाल्या, 'ऐकतात पण पूर्ण ऐकत नाहीत.'

व्हर्डेल : हं. हे मात्र खरं बोलली बाई.

सिग्ने : सर, शेवटचं सांगते. कागदावर सही झाली, तर आज संध्याकाळच्या बैठकीत स्टेशनचा विषय येणार नाही. एक वर्ष मिळेल. पोरांचा रेडिओचा तास चालू राहील. सही नाही झाली, तर आजच मतदान. नऊपैकी पाच जण लायसन्स विकायला तयार आहेत, सहावा कुंपणावर आहे. पुढच्या हिवाळ्यात या फ्रिक्वेन्सीवर कोण काय विकत असेल देव जाणे.

व्हर्डेल : आणि मी आजपासून बंद.

सिग्ने : तुम्ही आजपासून बंद. जूनमध्ये जाणारच होतात.

व्हर्डेल : होतो. गुडघ्यानं मार्चमध्येच राजीनामा दिलाय. पहाटे साडेतीनला उठून गाडीवरचं बर्फ खरवडायचं, म्हणजे आता मला शिक्षा वाटते. मी जातो, त्याचं मला काही नाही. हवं तर आत्ता कोट घालतो. धूनही बंद करा, तीही तुमची. मला अडलंय ते चौथ्या ओळीवर.

सिग्ने : वाचा.

व्हर्डेल : 'ही धून वाजवणे ही माझी चूक होती.'

सिग्ने : होतीच ना पण!

व्हर्डेल : नव्हती.

सिग्ने : सर, बाहेर बर्फ भुरभुरत होतं. एप्रिल असला म्हणून काय झालं, आपल्याकडे एप्रिलात बर्फासाठी शाळा बंद झाल्यात की नाही? अशा सकाळी तुम्ही ती धून लावलीत. अख्ख्या उत्तर भागातल्या घराघरांत पोरं पांघरूण ओढून झोपली. आयांनी रजा टाकल्या. एका नर्सबाईची ड्युटी बुडाली, ती काल इथं येऊन माझ्यावर ओरडून गेली. याला चूक नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

व्हर्डेल : रोस्कोसाठी वाजवली मी.

सिग्ने : ठाऊक आहे.

व्हर्डेल : सोमवारी त्याच्या आईचा फोन आला. मिस अर्लीनचा. म्हणाली, 'व्हर्डेल, बुधवारी त्याला पोचवायचंय. त्याआधी एकदा त्याचं वाजव ना रेडिओवर.' आता सांग, त्याचं दुसरं काय आहे आपल्याकडे? सोळाव्या वर्षी त्यानं ही एक धून केली. खाली बँडच्या खोलीत सॅक्सोफोन घेऊन बसला आणि तीन मिनिटांत आटपलं. पुढे संसार, पुढे रस्त्यावरचं बर्फ हटवणारा नगरपालिकेचा नांगर. एकवीस वर्षं नांगर चालवला आणि हिवाळा संपल्यावर, नांगर धूत असताना, उभ्या जागी कोसळला. चव्वेचाळीस वय! मी अडुसष्टचा, गुडघा धरून बसलोय, आणि तो गेला. आणि त्याच्यासाठी त्याचंच वाजवलं ही चूक, असं मी लिहून देऊ? नाही देणार.

सिग्ने : तुम्ही मला रोस्को सांगताय?

व्हर्डेल : मी सांगतोय कारण...

सिग्ने : त्या दिवशी टेप कुणी चालवला होता? मी. पंधराची होते. मध्ये ती खुर्ची करकरते ना, आठव्या सुराशी, ती माझी खुर्ची. दोन दिवस रडले होते मी, माझ्यामुळे बिघडलं म्हणून. त्यानंच सांगितलं, राहू दे, छान वाटतं, कुणीतरी कूस बदलतंय असं. आणि तुम्ही मला सांगताय!

व्हर्डेल : सिग्ने...

सिग्ने : काल अकरा वाजता चर्चमध्ये सगळे होते. आमच्या वर्गातले चौदा जण आले, एक तर टेक्सासहून आला. मी नव्हते. विचारलंत तुम्ही, कुठं होतीस म्हणून? मी ऑस्बीबाईंच्या खोलीत होते. तीन तास. तुमची बाजू मांडत. 'एकतीस वर्षांत पहिल्यांदा झालंय, माणूस दुःखात होता.' रोस्कोला मातीत घालत होते तेव्हा मी हजेरीचे तक्ते बघत होते, सर. तेव्हा तुम्ही एकटेच त्याचे कुणी लागत होतात असं बोलू नका.

व्हर्डेल : मला माहीत नव्हतं.

सिग्ने : सांगायची वेळ कुठं आली? पाणी हवंय?

व्हर्डेल : नको. म्हणजे दे.

सिग्ने : एक गोष्ट विचारते. मघापासून विचारीन विचारीन म्हणतेय. तुम्ही आधी का नाही बोललात?

व्हर्डेल : कधी आधी?

सिग्ने : धून लावायच्या आधी. दहा सेकंद लागली असती. 'शाळा आज सुरू आहेत. हे आपल्या रोस्को टब्जसाठी.' संपलं. एकही पोरगं घरी राहिलं नसतं. तुम्ही सगळं बोललात, छान बोललात, मी रेकॉर्डिंग ऐकलं. पण तीन मिनिटांनी, धून संपल्यावर. तोवर रेडिओ बंद करून शहर झोपलं होतं. पहिले चार सूर ऐकले की कुणी पुढे ऐकतं का?

व्हर्डेल : आधी गाणं, मग तोंड.

सिग्ने : हो, तुमचं वाक्य. आम्ही पोरं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहायचो. 'माणसं सूर ऐकायला आलीत, तुमचं नाक वर करून बोलणं ऐकायला नाही. आधी गाणं, मग तोंड.' मी ऑस्बीबाईंना तेच सांगितलं. म्हटलं, त्यांची एकतीस वर्षांची सवय आहे, शिस्त आहे ती त्यांची. हात आपोआप गेला.

व्हर्डेल : आपोआप नाही गेला.

सिग्ने : म्हणजे?

व्हर्डेल : काही नाही. पेन कुठंय?

सिग्ने : सर, आपोआप नाही गेला म्हणजे काय? मुद्दाम केलंत? तुमच्या गळ्याची शपथ, मी तीन तास...

व्हर्डेल : मुद्दाम कसला गं, वेडी आहेस का! आधी बोलणारच होतो. कागदावर लिहून आणलं होतं घरून. 'शाळा आज सुरू आहेत', हे पहिलं वाक्य होतं, खाली रेघ मारून. मला काय कळत नाही ती धून म्हणजे काय ते? माइक उघडला. तोंड उघडलं. आणि आवाजच नाही.

सिग्ने : आवाज नाही?

व्हर्डेल : घसाच बंद. एकतीस वर्षं माइकसमोर बसतोय. ताप असताना बोललो, बायको गेली त्याच्या चौथ्या दिवशी बोललो. आणि त्या पोराचं नाव घ्यायचं तर शब्दच फुटेना. रेडिओवर शांतता म्हणजे काय, तुला सांगायला नको. चार सेकंद झाले, पाच झाले. मग हाताला जे बटण लागलं ते दाबलं. तेच लावून ठेवलेलं होतं. ते वाजायला लागलं आणि मला हायसं वाटलं, सिग्ने. हेच सांगायची लाज वाटतेय. वाटलं, चला, तीन मिनिटं मिळाली, तेवढ्यात सावरू. शहर माझ्या डोक्यातच नव्हतं. पोरं, परीक्षा, काही नाही. नंतर सगळ्यांनी म्हटलं सवय, शिस्त. मी म्हटलं, असू दे. बरं दिसतं ते.

सिग्ने : मला तरी सांगायचंत.

व्हर्डेल : तुला काय सांगू? तुला शिकवलं कुणी? मी. 'घशात आवंढा असेल तर बाहेर ठेवून या, इथं येऊन गिळू नका.' हेही लिहिलं असशील वहीत.

सिग्ने : दुसऱ्या पानावर.

अर्लीन : आत येऊ का? की लाल दिवा लागलाय?

सिग्ने : मिस अर्लीन! अहो, या, या. दिवा नाही लागलेला, आत्ता नुसतं रेकॉर्ड केलेलं वाजतंय. तीन मजले चढून आलात?

अर्लीन : मग काय उडत येऊ? लिफ्ट मेली बंद. मी या शाळेत तेहतीस वर्षं स्वयंपाक केला, तेव्हाही बंदच असायची. आज मात्र दम लागला. हे धर, गरम आहे अजून. कोंबडी आहे आणि मक्याचा पाव. काल चर्चमध्ये लोकांनी इतकं आणून ठेवलंय, एकटी बाई किती खाणार?

व्हर्डेल : बसा ना मिस अर्लीन. ही खुर्ची घ्या, ती दुसरी डुगडुगते.

अर्लीन : बसते. तू बारीक झालायस. आणि तू पोरी, काल दिसली नाहीस चर्चमध्ये.

सिग्ने : मला यायचं होतं. नाही जमलं. माफ करा मला.

अर्लीन : माफ काय करायचं. इथल्या भानगडीत अडकली असशील. कळलंय मला सगळं. म्हणून तर आले. माझ्या शेजारणीची नात म्हणाली, व्हर्डेलला काढतायत रेडिओवरून, आणि रोस्कोच्या गाण्यावरून काढतायत. म्हटलं, असं कसं? वाजव म्हणून कुणी सांगितलं होतं? मी. मग मला विचारा. कुठंय ती तुमची बैठक? मी बोलते. मला कसली भीती आहे आता?

व्हर्डेल : तुम्ही बैठकीबिठकीला जायचं नाही, मिस अर्लीन. आम्ही बघतो.

अर्लीन : काय बघता? दोघांची तोंडं बघा. तो कागद कसला?

सिग्ने : मंडळाचा आहे. सरांनी सही केली तर स्टेशन वाचतं. सर जातात, ती धून जाते, पण स्टेशन राहतं वर्षभर तरी.

अर्लीन : आणि हा करत नाही म्हणतो.

सिग्ने : एका ओळीपायी. धून वाजवणं ही चूक होती, असं लिहिलंय त्यात. सर म्हणतात, रोस्कोसाठी वाजवलं ती चूक कशी? तुमच्यापुढे तसं लिहून द्यायला त्यांचा हात धजत नाही.

अर्लीन : माझ्यापुढे? व्हर्डेल, खरं आहे हे?

व्हर्डेल : तुम्ही आयुष्यात एक गोष्ट मागितलीत माझ्याकडे. ती मी केली. तिला चूक म्हणून सही ठोकायची आणि मग रविवारी चर्चमध्ये तुमच्या शेजारी बसायचं? मला नाही जमणार.

अर्लीन : हे बघ बाळा, आता मी एक सांगते. सांगणार नव्हते. मला वाटलं तुला वाईट वाटेल.

व्हर्डेल : काय?

अर्लीन : मी ऐकलंच नाही ते.

सिग्ने : म्हणजे? रेडिओ लागला नाही?

अर्लीन : लागला ना! चार वाजल्यापासून लावून बसले होते मी. डायनिंग टेबलापाशी. त्याचा शाळेतला फोटो समोर ठेवला होता, चांगला झगा घातला होता, कुणी येणार असल्यासारखा. तो गेला गुरुवारी. गुरुवारपासून माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. लोक गोळ्या देत होते, काही उपयोग नाही. पडलं की तेच दिसायचं. बसून राहायचे रात्रभर. आणि त्या दिवशी सहा वाजून गेल्यावर ते सुरू झालं. पहिले तीन-चार सूर आले असतील, आणि मी उठले, रेडिओ बंद केला आणि जाऊन झोपले.

व्हर्डेल : झोपलात?

अर्लीन : कशी झोपले ते विचारू नकोस. झगा अंगात तसाच. माझं डोकं नव्हतंच जागेवर. तेहतीस वर्षं स्वयंपाकघरात काम केलेली बाई आहे मी. ते सूर ऐकले म्हणजे आज चुली पेटवायच्या नाहीत, आठशे पोरांचं जेवण नाही, परत झोपायचं. पाय आपोआप पलंगाकडे गेले. दुपारी दीडला बहिणीनं येऊन हलवलं तेव्हा उठले. तिला वाटलं, मीही गेले.

सिग्ने : म्हणजे सर जे बोलले, रोस्कोबद्दल...

अर्लीन : एक अक्षर नाही ऐकलं. माझ्याच पोरासाठी लावलेलं, मीच मागितलेलं, आणि मीच बंद करून झोपले. दोन दिवस मनाला लागून राहिलं होतं. कुणाला सांगू? आई आहे की कोण आहे, म्हणाले असते लोक.

व्हर्डेल : नाही हो, मिस अर्लीन.

अर्लीन : पण झोपले नसते ना व्हर्डेल, तर बुधवारी मी उभी राहिले नसते. सात तास झोपले. उठले तेव्हा पहिल्यांदा रडू आलं. तोपर्यंत तेही येत नव्हतं. त्या शाळांची पोरं झोपली म्हणून तुला बोल लावतात ना? त्यांत एक म्हातारीही झोपली, तेही लिहून घ्या म्हणावं.

सिग्ने : हे त्यांच्या तक्त्यात नाही बसणार.

अर्लीन : तुला ठाऊक आहे का, त्यानं ते कशापायी केलं?

व्हर्डेल : धून? तेव्हा तर म्हणाला होता, गंमत म्हणून. मी वर्गात म्हटलं होतं, बर्फाच्या दिवशी यादीच्या आधी काहीतरी वाजवायला करा कुणीतरी.

अर्लीन : तुला म्हणाला असेल गंमत. आधी नुसती यादी वाचायचास तू. पंचेचाळीस शाळांची नावं, ए पासून. आमची शाळा शेवटून तिसरी. मी पहाटे चारला टेबलावर डोकं टेकून, डोळे ताणून बसायची, नाव येईपर्यंत. नाव येईतो झोप मेलेली असायची. एकदा तर मध्येच डोळा लागला, नाव हुकलं, आणि गेले की मी चालत त्या वादळात. बसेस बंद. शाळेला कुलूप. परत आले तर पायाची बोटं निळी. तो दारात उभा होता, सोळा वर्षांचा घोडा, आणि माझे पाय हातात घेऊन चोळत बसला. त्यानंतर महिन्याभरात ते गाणं आलं. मला म्हणाला, 'आई, आता यादी ऐकत बसू नकोस. हे वाजलं की समज, मी सांगतोय, झोप.'

व्हर्डेल : हे मला कधी...

अर्लीन : तुला कशाला सांगेल? त्या वयातलं पोरगं, आईसाठी केलं म्हणून सांगतं का कुणाला? मित्र टर उडवतात.

सिग्ने : मी उडवली असती.

अर्लीन : तू तर नक्कीच उडवली असतीस. आता तो कागद आण इकडं. माझा चष्मा नाही, तू वाच ती ओळ.

सिग्ने : 'ही धून वाजवणे ही माझी चूक होती.'

अर्लीन : हं. आणि खरं काय चुकलं तुझं, व्हर्डेल?

व्हर्डेल : आधी बोललो नाही, हे चुकलं. तोंडातून शब्द निघेना, म्हणून धून पुढे केली. त्याच्या सुरांमागे लपलो मी.

अर्लीन : मग तेवढंच लिही की. चूक झाली ती झाली. कबूल करायला काय लाजायचं?

सिग्ने : मिस अर्लीन, हा मंडळाचा मसुदा आहे. असा बदलता येत नाही. ऑस्बीबाईंचा वकील...

अर्लीन : पोरी, मी या मंडळाच्या हाताखाली तेहतीस वर्षं होते. दर वर्षी एक फॉर्म यायचा, 'स्वयंपाकघरात उंदीर आहेत काय'. एका वर्षी मी लिहिलं, 'आहेत, आणि ते मंडळातल्या लोकांहून वेळेवर येतात.' कुणी वाचलं? अजून तिथंच पडलं असेल कुठंतरी. त्यांना सही हवी असते. खालचा कोपरा बघतात ते.

सिग्ने : मंडळातला नववा जण वाचतो. वकील होता तो.

व्हर्डेल : राहू दे सिग्ने. तुला नको अडचण. मी आहे तशीच...

सिग्ने : नाही. थांबा. मी टाइप करून आणते. पुन्हा छापते. काल तीन तास बसले तिथं, तर एक ओळ माझी हवीच. कशी लिहू?

व्हर्डेल : लिही. 'धून वाजवण्याआधी श्रोत्यांना शाळा सुरू असल्याचे सांगितले नाही, ही माझी चूक होती.' बास.

सिग्ने : 'रोस्को टब्ज यांच्या स्मरणार्थ वाजवलेल्या धुनेआधी.' तेही घालते.

व्हर्डेल : नाव घालू देतील?

सिग्ने : विचारणारच नाही. आणि विचारलंच तर सांगीन, छपाईत आलं.

व्हर्डेल : मिस अर्लीन, ही पोरगी बिघडवलीत तुम्ही.

अर्लीन : मी नाही. तूच शिकवलंस तिला. घ्या, तोवर खा काहीतरी. कोंबडी गार झाली की चिवट लागते.

व्हर्डेल : घेतो. सहीचं टेन्शन. गेली दहा वर्षं मी फक्त पोरांच्या वह्यांवर सह्या केल्यात.

सिग्ने : हे घ्या. वाचून बघा. आणि यावेळी मनात वाचा, सर.

व्हर्डेल : ...हं. ठीक आहे. इथं?

सिग्ने : इथं. आणि तारीख.

व्हर्डेल : आज कितवी?

सिग्ने : अठरा.

व्हर्डेल : झालं. घे बाई. सुटलो. उद्या सकाळी कोण बसणार?

सिग्ने : मीच. दुसरं कोण आहे? पोरं काही साडेतीनला उठत नाहीत.

व्हर्डेल : डावीकडचा माइक जरा खाली झुकतो, त्याला पुस्तक लाव. आणि हवामान सांगताना घाई करतेस तू. अजूनही. लोक दार उघडून कोट कोणता घालायचा बघत असतात, त्यांना वेळ दे.

सिग्ने : बरं.

व्हर्डेल : आणि काही बोलायचं असेल, महत्त्वाचं असेल, तर गाण्याच्या आधी बोल.

सिग्ने : तुम्ही घरी जाऊन झोपा, सर.

अर्लीन : मग आता पुढच्या हिवाळ्यात बर्फ पडलं तर काय वाजेल रेडिओवर?

सिग्ने : काही नाही वाजणार, मिस अर्लीन. ते बंद केलं त्यांनी. फोनवर मेसेज येईल सगळ्यांना.

अर्लीन : माझ्याकडे तो घडीचा जुना फोन आहे. त्याच्यावर येतो?

सिग्ने : येईल कदाचित. पण तुम्हाला कशाला हवाय मेसेज? रिटायर होऊन किती वर्षं झाली तुम्हाला. बर्फ पडो नाहीतर आभाळ पडो, तुम्हाला कुठं जायचंय?

अर्लीन : जायचं कुठंच नाही गं. पण चारला डोळा उघडतो अजून. आणि 'झोप आई, आज जायचं नाही' असं सांगणारं आता कुणी नाही.